हर्षदाबाईंनी लावलेले दिवे

हर्षदाबाई मगदूमांच्या खोलीतला दिवा नीट लागत नाही, ही बातमी मिरजेत पसरायला फार वेळ लागला नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कुठल्या डॉक्टरचा हात हलका आणि कुणाची जीभ तिखट, हे इथे रिक्षात बसल्याबसल्या कळतं. रिक्षा आता चालकाविना धावतात, पण आत बसणारी माणसं तीच असल्यामुळे बातम्या काही थांबलेल्या नाहीत. शेजारच्या दंतवैद्यांनी तर एकदा जिन्यातच गाठून हसत विचारलं, "काय मॅडम, सध्या काय दिवे लावताय?" हर्षदाबाईही हसल्या. पण वर येऊन खुर्चीत बसल्यावर ते वाक्य त्यांना बराच वेळ टोचत राहिलं.

दिवा म्हणजे कागदोपत्री 'अनुनादमापक'. पण एवढं मोठं नाव घ्यायला कुणाला सवड आहे? त्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. माणूस बोलत असतो तेव्हा त्याच्या मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रक्ताचा ओघ कमीजास्त होत असतो आणि त्या चढउताराची एक लय तयार होते. समोरचा मनापासून ऐकत असेल, तर तीच लय थोड्या वेळानं त्याच्याही मेंदूत उमटते. खरी गंमत याच्या पुढे आहे. ऐकणारा फार चांगला असेल, तर त्याच्या मेंदूचे काही भाग बोलणाऱ्याच्या मागून न धावता पुढून धावतात. समोरचा आता काय म्हणणार, हे त्यांना आधीच उमगलेलं असतं.

ही जुळणी मोजायला पूर्वी खोलीभर यंत्रं लागायची. आता कपाळावर टिकलीएवढी चकती पुरते. तिच्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीच्या आत जरासा शिरतो आणि रक्ताची खबर घेऊन परत येतो. दोन कपाळांवर दोन चकत्या लावायच्या आणि मधे टेबलावर पेल्याएवढा दिवा ठेवायचा. लय जुळली की दिवा पिवळा उजळतो, तुटली की मंदावतो.

आधी तो समुपदेशकांच्या खोल्यांत आला, मग लोकांच्या घरांत. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशांमधे दिवा ठेवायची पद्धत पडली आणि पत्रिका जुळली का, याच्याआधी दिवा लागला का, हे विचारलं जाऊ लागलं. नवरे 'ऐकतोय गं' म्हणायचे बंद झाले, कारण ते म्हणून उपयोग राहिला नव्हता. शेवटी समुपदेशक परिषदेनं नियम केला. ज्याचा दिवा वर्षभराच्या सरासरीनं निम्म्यापेक्षा कमी उजळेल, त्याची नोंदणी पुन्हा तपासायची. ज्याला ऐकताच येत नाही त्यानं लोकांचं दुःख ऐकायला बसू नये, हे म्हणणं चुकीचं कोण ठरवणार? हर्षदाबाईंनाही ते पटलं होतं. फक्त त्यांचा दिवा निम्म्यापर्यंत पोचत नव्हता आणि महिन्याभरात सांगलीला परिषदेच्या समितीपुढे त्यांची सुनावणी होती. नोंदणी गेली तर खोली बंद करावी लागणार होती, आणि साठीच्या उंबरठ्यावर दुसरं काही करावं असं त्यांना वाटत नव्हतं.

दिवा का लागत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांची पद्धतच तशी होती.

समुपदेशक होण्याआधी हर्षदाबाई मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. तिथे लागल्या तेव्हा त्यांना खुणांची भाषा बेताचीच येत होती. त्या वर्गात नसीम नावाची सहा-सात वर्षांची मुलगी होती. ती शाळेत यायची, कोपऱ्यात बसायची आणि हात मांडीखाली घालून ठेवायची, म्हणजे कुणी बोलायला लावू नये. कितीतरी महिने तिनं एकही खूण केली नव्हती. एक दिवस हर्षदाबाई घरातली नाती शिकवत होत्या. त्या शाळेत वडिलांसाठी मिशीला पीळ द्यायचे आणि आईसाठी नथीच्या जागी बोट टेकवायचे. बाईंनी गडबडीत 'नसीमची आई' म्हणताना झोकात मिशीला पीळ दिला. वर्ग हसून लोळला. नसीम मात्र उठली, तरातरा पुढे आली, बाईंचा हात मनगटाला धरून ओठावरून उचलला आणि नाकाशी नेऊन ठेवला. मग दुसऱ्या हातानं ती आईबद्दल सांगायला लागली, ते शाळा सुटेपर्यंत सांगतच होती.

हर्षदाबाईंनी पुढे मानसशास्त्राची पदवी घेतली, मोठमोठ्या लोकांची प्रशिक्षणं केली, पण त्यांचा धंदा शेवटी नसीमनं शिकवला तेवढ्यावरच चालला. माणसाला 'सांगा' म्हटलं की ते हात मांडीखाली घालून बसतं. त्याचं म्हणणं जरासं चुकीचं करून त्याला परत सांगितलं, की मात्र ते दुरुस्त करायला उठतं. म्हणून हर्षदाबाई चुकीचं सांगायच्या. कुणी म्हणालं की भावाशी बोलणं नाही, तर त्या म्हणायच्या, "म्हणजे तुम्ही भावाला घराबाहेर काढलंत." समोरचा चमकून म्हणायचा, "छे, मीच बाहेर पडलो." आणि तिथून खरी गोष्ट सुरू व्हायची. यात लबाडी होती का? थोडी होती, पण तिच्यामुळे कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दिव्याला मात्र हे खपत नव्हतं. बाई चुकल्या की लय तुटायची आणि दिवा मान टाकायचा.

सुनावणीची तारीख कळली त्याच आठवड्यात रेवती पोतदार आली.

रेवती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची. वय चाळिशीच्या आत. वर्षापूर्वी तिची आई गेली होती आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहिला घास तोंडात घातला की घसा आवळायचा. पेज, ताक, फळांचा रस यांवर दिवस चालले होते. घशाच्या आणि पोटाच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या, कुठेच काही सापडलं नव्हतं. ती आधी तीन समुपदेशकांकडे जाऊन आली होती आणि तिघांकडेही दिवा उत्तम लागला होता.

हर्षदाबाईंकडेही तो लागला. रेवती बोलायला लागली आणि दिवा असा उजळला की बाईंनी क्षणभर डोळे बारीक केले. त्या खोलीत इतका उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. रेवती सांगायचीही फार छान. आई किती कष्टाळू होती, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळली तरी डोळ्यांनी कशी हसायची, रेवतीनं सहा वर्षं तिचं सगळं एकटीनं कसं केलं. लहानपणी क्लासहून उशिरा आलं की आई ताटलीखाली झाकून ठेवलेला दहीभात कशी पुढे करायची. शेवटी वाचा गेली तरी तेवढा एक शब्द राहिला होता आणि शेवटच्या दिवशीसुद्धा आई 'दहीभात, दहीभात' म्हणत होती. इथे आल्यावर रेवती जरा थांबायची, ऐकणाऱ्याचे डोळे भरायचे, आणि मग ती म्हणायची, "पण मला कसली खंत नाही. माझ्या हातून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं मी केलं."

ती गेल्यावर हर्षदाबाईंनी सुनावणीत दाखवायची चालू महिन्याची सरासरी बघितली. एका सत्रानं ती चांगलीच वर चढली होती. दुसऱ्या सत्रात रेवतीनं जवळपास तेच पुन्हा सांगितलं, बाईंनी मुकाट्यानं ऐकलं आणि सरासरी आणखी वर गेली. सुनावणीपर्यंत हिला असंच बोलू दिलं तर आपलं काम झालं, हा विचार त्यांच्या मनात आला. तो आला आणि लगेच गेला नाही, चांगला दोन दिवस मुक्कामाला राहिला. दारात कुणी येऊन म्हणालं असतं की असं करू नका, तर बरं झालं असतं. पण असल्या गोष्टी आपल्या आपल्यालाच ठरवाव्या लागतात.

तिसऱ्या वेळी रेवती येऊन बसली तेव्हा तिनं चकती लावायला हात उचलला आणि मनगटातलं घड्याळ सरळ कोपरापर्यंत घसरलं. तिनं ते सवयीनं खाली ओढून घेतलं. ही मुलगी वाळत चालली आहे आणि आपण तिच्या उजेडात बसून ऊब घेतोय, असं हर्षदाबाईंना स्वच्छ दिसलं.

रेवतीची गोष्ट नेहमीच्या वळणानं 'दहीभात, दहीभात'पर्यंत आली. दिवा भरून उजळला होता. रेवती थांबली आणि बाईंनी त्या थांबण्यात पाऊल टाकलं.

"आणि मग तुम्ही तो भरवलात," त्या म्हणाल्या.

"हो," रेवती म्हणाली, आणि मग म्हणाली, "नाही."

दिवा एकदम खाली आला.

पुढचं रेवतीनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. एक वाक्य पुरतं झालं नाही. डॉक्टरांनी तोंडानं काहीही द्यायला मनाई केली होती. घास श्वासनलिकेत जाईल, अशी भीती होती. आई दवाखान्यात होती, सगळं नळीनं चालू होतं. आई तो शब्द उच्चारत राहिली आणि रेवतीनं ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले. दहीभात तिनं दिला नाही. नियमानं तेच बरोबर होतं, पुन्हा वेळ आली तरी ती तेच करेल. संध्याकाळी आई गेली. शेवटी मागितलेला घास मिळाला नाही, हे तिनं बहिणीला सांगितलं नव्हतं, आधीच्या तिघांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं, कारण गोष्ट अशी गुळगुळीत होती की विचारायला खाचच नव्हती.

दिवा जवळजवळ विझला होता. रेवती आता काय म्हणेल, याचा बाईंना अंदाज येत नव्हता. बहुधा रेवतीलाही नव्हता. हर्षदाबाईंनी हे सगळं नीट जुळवून तिला परत सांगायचं ठरवलं. इथे त्यांना चुकायचं नव्हतं. अशा जागी चुकणं म्हणजे जखमेवर पाय देणं, एवढं त्यांना कळत होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही कॉलेजमधून आलात," त्या हळूच म्हणाल्या, "खोलीत गेलात, आणि आई म्हणाल्या, दहीभात आहे..."

"आहे नाही म्हणाली. नुसतं दहीभात म्हणाली. आहे असं ती तेव्हा म्हणायची, मी लहान असताना. चपला काढायच्या आत..."

हर्षदाबाईंच्या ध्यानात आलं, की आपण लहानपणची गोष्ट आणि शेवटच्या दिवसाची गोष्ट एकमेकींत मिसळून टाकली. मुद्दाम नव्हे, खरोखरच चुकून. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण रेवती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"त्या दिवशीही मी बाहेरूनच आले होते," ती म्हणाली. "पेपर तपासून. मी दारातून आत आले आणि मला बघूनच ती म्हणायला लागली. दुपारपर्यंत नर्स होत्या तिच्याजवळ. त्यांच्याकडे तिनं काहीच मागितलं नव्हतं." तिनं घड्याळ मुठीत धरलं. "मॅडम, ती मागत होती की मला जेव म्हणत होती?"

हर्षदाबाईंना फार वाटलं की म्हणावं, तुम्हाला जेव म्हणत होत्या. ते बोलायला सोपं होतं आणि कदाचित खरंही होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही ते कधी नक्की कळणार नाही. आणि ते 'आहे' मी ठरवून म्हटलं नव्हतं, मी चुकले होते."

रेवती रडली. हुंदके देऊन, नाक पुसत, वर्षभराचं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि त्या बसून राहिल्या. सत्र संपेपर्यंत दिवा लागला नाही, आणि तो लागावा असं त्या खोलीत कुणाला वाटलंही नाही.

पुढच्या वेळी रेवती डबा घेऊन आली. दहीभात होता, मोहरी-जिऱ्याची फोडणी दिलेला, वर डाळिंबाचे दाणे, तिची आई घालायची तसे. समुपदेशकानं येणाऱ्यांकडून काही घेऊ नये असा दंडक आहे आणि हर्षदाबाई तो कडक पाळायच्या. "तुम्ही खाऊ नका," रेवती म्हणाली, "फक्त समोर बसा." तिनं पहिला घास घेतला. घसा आवळला, डोळे भरले, ती थांबली आणि तो उतरला. अर्धा डबा संपायला तासभर लागला. मग हर्षदाबाईंनी दंडक बाजूला ठेवला आणि झाकणात एक घास वाढून घेतला. आपल्याला हे काम करायला मिळतंय याबद्दल त्यांना इतकं बरं वाटलं, की सुनावणीचं तेवढ्यापुरतं विसरायला झालं.

त्या आठवड्यात त्यांनी रेवतीच्या सगळ्या सत्रांचे आलेख समोर घेतले आणि वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे असलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदा दिसली. यंत्र खोटं बोलत नव्हतं. आपण त्याला चुकीचं विचारत होतो. ऐकणाऱ्याचा मेंदू पुढे धावतो कधी? पुढचं माहीत असतं तेव्हा. अनेकदा सांगून मळलेल्या वाटेवर तो भरभर चालतो आणि दिवा झगमगतो. माणूस जे कधीच बोललेलं नाही ते बोलायला लागतं, तेव्हा पुढचं पाऊल कुठे पडणार हे त्याला माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही नसतं. तिथे दोघं चाचपडतात, आणि दिवा मालवतो. रेवतीनं स्वतःलाही जे पहिल्यांदा सांगितलं, ते अंधारात सांगितलं होतं.

सुनावणीला समितीच्या तीन माणसांमधे डॉ. वसुंधरा गोगटे अध्यक्ष होत्या. बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, उगाच गोड न बोलणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या कपाळाला चकती लावली, हर्षदाबाईंना लावायला दिली आणि म्हणाल्या, आधी तुमची पार्श्वभूमी सांगा, या क्षेत्रात कशा आलात ते.

हर्षदाबाईंनी सांगितलं. मूकबधिर शाळा, नसीम, मिशीला दिलेला पीळ. समिती हसली. मग चाळिशीत पुन्हा शिकायचं ठरवलं, कोल्हापूरला विद्यापीठात प्रवेश मिळाला, रोजचा रेल्वेचा प्रवास, मुलगी प्राची तेव्हा चौथीत. "सुदैवानं घरच्यांचा विरोध नव्हता," त्या म्हणाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांचे, नसीमचे आणि आजवर आलेल्या सगळ्या माणसांचे आपण ऋणी आहोत, असं म्हणून त्यांनी संपवलं. टेबलावरचा दिवा लखलखत होता.

"मग तुमचा दिवा लागतो की," गोगटेबाई म्हणाल्या.

"ही गोष्ट मी सगळ्या शिबिरांत आणि मुलाखतींत सांगितली आहे, मॅडम. माझं पुढचं वाक्य तुम्हाला आधीच कळत होतं. म्हणून उजेड पडला."

मग त्यांनी रेवतीच्या परवानगीनं तिचे आलेख पुढे ठेवले. नाव नाही, बोललेला एक शब्द नाही, नुसती वरखाली जाणारी रेघ. ही उजेडाची सत्रं, यात त्या बाईंचं वजन उतरत गेलं. हे अंधाराचं, आणि यानंतर त्या जेवायला लागल्या. इतर कितीतरी जणांचे आलेखही तसेच होते. डॉ. गोगट्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हर्षदाबाईंनी ते कबूल केलं. मग गोगटेबाईंनी चष्मा काढला.

"अंधारात तुम्ही ऐकताय हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळत नाही. म्हणून चुकीचं का होईना, बोलून बघते. ते दुरुस्त करतात."

समितीनं त्यांना बाहेर बसवलं, आणि बोलावलं तेव्हा निकाल साधा होता. नोंदणी कायम. वर्षभर त्यांना सरासरीची अट लागणार नाही, मात्र मंद सत्रांचे आलेख त्यांनी परिषदेकडे अभ्यासाला पाठवायचे. निघताना गोगटेबाई दारापर्यंत आल्या आणि दिवा फेकून देऊ नका म्हणाल्या. फेकण्याचा प्रश्नच नव्हता. आता तो मालवला की हर्षदाबाई सावध होणार होत्या, की काहीतरी येतंय. एवढी चांगली सोबत त्यांना इतकी वर्षं मिळाली नव्हती.

घरी पोचल्या तेव्हा सूर्य मावळायचा होता. श्रेणिकराव दिवसाउजेडी जेवणारे, त्यामुळे ताटं मांडून वाट बघत होते. हर्षदाबाईंचे यजमान मिरजेतल्याच एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांचं रक्त तपासलं, स्वतः कधी तापले नाहीत, असं त्यांच्याबद्दल नातेवाईक म्हणत. जेवणाच्या टेबलावर प्राचीनं लग्नाच्या वाढदिवसाला पाठवलेला दिवा होता. तो दोघांमधे नेहमी भरून उजळायचा आणि श्रेणिकराव आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवायचे. त्यांनी चकती लावली, बाईंनीही लावली, दिवा लागला.

नोंदणी राहिल्याचं ऐकून श्रेणिकरावांनी डोळे मिटून हात जोडले आणि अर्धी भाकरी जास्त वाढून घेतली. हर्षदाबाई रंगात येऊन सगळं सांगू लागल्या. काय विचारलं, काय सांगितलं, समिती कुठे हसली. रेवतीबद्दल त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नव्हता, तो आजही काढला नाही. आपली पार्श्वभूमी मात्र पुन्हा एकदा साग्रसंगीत सांगितली. "आणि घरच्यांचा विरोध नव्हता," त्या म्हणाल्या.

श्रेणिकरावांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"हे चुकलं," ते म्हणाले.

दिव्याचा उजेड हलला. हर्षदाबाईंनी दिव्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे.

श्रेणिकराव सावकाश बोलत होते, शब्द शोधत. त्या वर्षी त्यांना पुण्याच्या मुख्य प्रयोगशाळेत बोलावणं आलं होतं. नवीन यंत्रं, हाताखाली माणसं, जे त्यांना करायचं होतं ते सगळं. यंत्र शिकायला जातो असं सांगून ते पुण्याला जाऊन आले होते. जागासुद्धा बघितली होती, गच्चीवर कुणीतरी लावलेला पारिजात होता. घरी सांगायचं ठरवूनच ते परत आले, तर हर्षदा दारातच उभी. कोल्हापूरला प्रवेश मिळाल्याचं तिनं त्यांना चपला काढायच्या आत सांगितलं. घरात शिऱ्याचा वास होता.

हर्षदाबाईंना ती संध्याकाळ आठवत होती. श्रेणिकरावांनी दोनदा शिरा मागून खाल्लेलाही आठवत होता. आणि नंतरची कितीतरी वर्षं चारचौघांत आपण केलेली थट्टाही आठवली, की यांना कृष्णेचं पाणी सुटत नाही, यांना पुण्याला न्यायचं तर मिरज उचलून न्यावी लागेल. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हेच हसायचे.

दिवा मालवला होता. हर्षदाबाई येत होतं तेवढंच बोलल्या.

"म्हणजे तुम्हाला तेवढं काही जायचं नव्हतं."

"जायचं होतं की," श्रेणिकराव म्हणाले. "फार जायचं होतं. दोन वर्षं तुझा राग यायचा मला. तू गाडीतनं उतरून हसत घरी यायचीस, त्याचासुद्धा यायचा. सांगितलं असतं तर तू प्रवेश सोडला असतास, आणि मग तू माझा राग केला असतास. त्यापेक्षा हे बरं वाटलं."

"मग राग गेला कधी?"

"कळलं नाही. एकदा आमच्या लॅबमधले मुजावर म्हणाले, तुमच्या बाईंमुळं माझा भाऊ परत माणसांत आला. त्या दिवशी राग आहे का बघितलं, तर नव्हता." त्यांनी ताटातला तुकडा पुन्हा उचलला. "तू समितीला सगळ्यांची नावं सांगितलीस. बरंच केलंस. मी आपलं चूक दुरुस्त केली, एवढंच."

खिडकीतून उरलेलं ऊन टेबलावर येत होतं. हर्षदाबाईंना वाटत होतं की आपण काहीतरी म्हणायला पाहिजे, आणि त्याला जो शब्द आहे तो घरात कधी वापरलेला नव्हता. आभार मानायचे ते बाहेरच्यांचे. ज्याच्या ताटात आपण रोज वाढतो त्याचे आभार मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं. सकाळी सांगलीत त्यांनी तो शब्द सहज वापरला होता, सगळ्यांसाठी. इथे तो ओठापर्यंत येऊन थांबला. इतकी वर्षं आपण जिच्यावर उभ्या होतो ती जमीन कुणीतरी हातांनी धरून ठेवली होती, आणि ते कुणीतरी समोर बसून भाकरीचा तुकडा कोरत होतं.

"दहीभात कालवू?" त्यांनी विचारलं. आवाज नीट फुटला नाही.

श्रेणिकरावांनी मान वर केली. बायकोच्या खोलीत त्या शब्दावरून काय घडलं होतं, याची त्यांना काही कल्पना नव्हती. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कालव," ते म्हणाले. "तुलाही घे."

हर्षदाबाई उठल्या. दही काढायला त्यांनी फ्रिजच्या दाराला हात घातला, तेव्हा त्या पांढऱ्या दारावर मागून दिव्याचा पिवळा उजेड पडला. त्यांनी वळून पाहिलं नाही. दह्याचं भांडं बाहेर काढलं आणि भात मोकळा करायला घेतला.